कोडच्या आधी कागद: सोलापुरात युजेबिलिटी टेस्टिंगची सुरुवात करताना

मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी आम्ही ॲप करत होतो. शेतकऱ्याला त्याच्या कांद्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, मोबाईलवर दिसावी, एवढंच काम. अडीच महिने खपून स्क्रीन बनवल्या, रंग जुळवले, सर्व्हर उभा केला. मग एके दिवशी यार्डात गेलो आणि मोहोळकडच्या एका काकांच्या हातात फोन दिला. म्हणालो, "काका, कालच्या मालाचे किती पैसे झाले ते यात बघता का?" त्यांनी स्क्रीन वरपासून खालपर्यंत वाचली, परत एकदा वाचली आणि फोन माझ्याकडे देत विचारलं, "यात पट्टी कुठं हाय?"

बटण त्यांच्या अंगठ्याखालीच होतं. त्यावर आम्ही लिहिलं होतं 'इन्व्हॉइस पहा'.

तो शब्द बदलायला दोन मिनिटं लागली. पण तीच चूक ॲपभर पसरलेली निघाली. आम्ही वजन क्विंटलमध्ये मागत होतो, काका गोण्यांत बोलत होते. आम्ही लॉगिनला ओटीपी ठेवला होता, आणि काकांचा नंबर होता गावाकडे घरी ठेवलेल्या बटणांच्या फोनात. सगळं उकलून परत शिवायला तीन आठवडे गेले. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात, कोडची एक ओळ न लिहिता कळू शकलं असतं. वापरणाऱ्याच्या हातात वस्तू देऊन तो कुठं अडतो ते बघणं, यालाच युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. त्यासाठी तो पहिला आठवडा कसा घालवायचा, हे या लेखात सांगतो.

कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे, दोन-तीन जणांची कंपनी काढून इथल्याच व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारे, मामाच्या दुकानाला बिलिंग करून देणारे, अशा सगळ्यांना हे करता येतं. त्यासाठी डिझाइनची पदवी लागत नाही आणि पुण्याला जाऊन काचेच्या भिंतीची लॅबही गाठावी लागत नाही.

पायरी १: एक माणूस, एक काम, एक जागा

वहीत एकच वाक्य लिहा. कोण, कुठं, काय करणार. 'शेतकरी आपल्या व्यवहारांचे व्यवस्थापन करू शकेल' हे वाक्य कॉलेजच्या रिपोर्टात शोभतं, पण त्यावरून स्क्रीन काढता येत नाही. हे बघा: 'रात्री गाडी घेऊन आलेला शेतकरी, लिलाव झाल्यावर शेडमध्ये उभा राहून, वजावट जाऊन हातात किती येणार ते मुलाच्या फोनवर बघणार.'

या वाक्यातून निर्णय आपोआप सुटायला लागतात. शेड म्हणजे बाजूने येणारं ऊन, म्हणजे फिकट अक्षरं दिसणार नाहीत. हमालांचा आणि गाड्यांचा आवाज आहे, म्हणजे आवाजावर विसंबता येणार नाही. मुलाचा फोन, म्हणजे ओटीपी कुठं जाणार याचा विचार आजच करायला हवा. आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकातली युजेबिलिटीची व्याख्याही याच धर्तीची आहे: ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम पुरं करता येतं का, ते किती खटपटीत होतं आणि करणाऱ्याचं समाधान होतं का. 'ॲप सोपं आहे' या वाक्याला एरवी अर्थ नाही. कुणासाठी सोपं, कशासाठी सोपं, हे आधी सांगावं लागतं.

पायरी २: जाऊन बसा

ज्यांच्यासाठी बनवता त्यांच्या कामाच्या जागी किमान अर्धा दिवस बसा. मालकाला विचारून बसा, कोपऱ्यात बसा, लॅपटॉप बाहेर काढू नका. 'तुम्हाला ॲपमध्ये काय काय हवं?' हा प्रश्न तर अजिबात विचारू नका. समोरचा माणूस भला असतो, तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगतो, आणि तुम्ही त्याची यादी करून घरी येता. त्याऐवजी म्हणा, "मागच्या खेपेला काय केलं ते जरा दाखवता का?" झालेली गोष्ट सांगताना माणूस खरं सांगतो.

दोन गोष्टी गोळा करा. पहिली म्हणजे कागद. पट्टी, वही, चिठ्ठी, भिंतीवरचा फळा, जे काही वापरात असेल त्याचा परवानगी घेऊन फोटो काढा. वर्षानुवर्षं हात फिरून या कागदांना आकार आलेला असतो. कुठला आकडा वर, कुठला खाली, हे कुणीतरी अनुभवानं ठरवलेलं असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि सगळी वजावट जाऊन त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. ही बातमी देशभर गेली. ती आठवली की पट्टीवर हमाली, तोलाई, गाडीभाडं यांची एकेक ओळ वेगळी का असते ते कळतं. आमच्या पहिल्या स्क्रीनवर या सगळ्याची बेरीज करून 'एकूण वजावट' अशी एकच ओळ होती. आम्हाला ते सुटसुटीत वाटलं होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं नेमकी महत्त्वाची गोष्टच आम्ही झाकून ठेवली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. कानावर पडेल तसे लिहून घ्या, शुद्ध करू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात ऑर्डर घेण्याचं काम बघायला गेलो होतो. मालक कामगारांशी तेलुगूत बोलत होते, फोनवरच्या व्यापाऱ्याशी हिंदीत, आमच्याशी मराठीत. पण टॉवेलचं माप तिन्ही भाषांत एका दमात यायचं: 'तीस-साठ'. आमच्या फॉर्मच्या आराखड्यात लांबीचा एक रकाना, रुंदीचा दुसरा, आणि इंच की सेंटिमीटर हे निवडायला तिसरा डबा. अर्ध्या दिवसानंतर त्या तीन रकान्यांच्या जागी एकच बटण आलं, त्यावर लिहिलं '३०-६०'.

संध्याकाळी शब्दांची यादी करा. डाव्या बाजूला तुमचा शब्द, उजव्या बाजूला त्यांचा. स्क्रीनवर उजवी बाजू जाईल.

पायरी ३: कागदी स्क्रीन

आता कागद. ए-फोर कागद उभा धरून रुंदीचे तीन आणि उंचीचे दोन भाग कापा. ७ सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ १५ सेंटिमीटर उंच असे सहा तुकडे मिळतात, म्हणजे थेट मोबाईलएवढे. एक जाड स्केचपेन, कात्री, चिकट चिठ्ठ्यांचं एक पुडकं. नवी पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीत हे मिळून जाईल.

जाड पेनाचा आग्रह का? बारीक पेन हातात आलं की आपण स्क्रीनवर दहा गोष्टी कोंबतो. जाड पेनानं पाच ओळींतच कागद भरतो, आणि आता यातलं काय काढू हा विचार सुरू होतो. फूटपट्टी, रंग, काही नको.

पहिली स्क्रीन तीन वेगवेगळ्या प्रकारे काढा आणि मगच एक निवडा. पहिली कल्पना बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी ॲपची आठवण असते. तिसरी काढताना डोकं खाजवावं लागतं, आणि बऱ्याचदा तीच कामाची निघते.

काढताना खरा मजकूर लिहा. 'नाव नाव नाव' किंवा '१२३४' असं लिहून जागा भरू नका. गावाचं लांबलचक नाव, पाच आकडी रक्कम, एकाच दिवसात आलेल्या तीन वकली (मालाचे वेगवेगळे ढीग), हे सगळं त्या सात सेंटिमीटरांत बसतं का ते इथंच कळतं. कीबोर्डसाठी वेगळी पट्टी कापा, कारण फोनवर कीबोर्ड उघडला की खालची निम्मी स्क्रीन झाकली जाते आणि 'पुढे' हे बटण त्याच्याखाली गडप होतं. नवखे लोक तीन कागद हमखास विसरतात: अजून काहीच नोंद नाही तेव्हाची रिकामी स्क्रीन, चूक झाल्यावरची स्क्रीन, आणि नेट गेल्यावरची स्क्रीन. ते तिन्ही काढाच.

हे पोरखेळ वाटत असेल तर दोन उदाहरणं सांगतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी आयबीएमनं खेळाडूंना घरून आलेले आवाजी निरोप ऐकता येतील अशी यंत्रणा बनवली. तिची सुरुवात कागदावर छापलेल्या संवादांपासून झाली. वापरणारा काय करेल, यंत्र काय म्हणेल, हे आधी लोकांना वाचायला देऊन त्यांची मतं घेतली गेली. आणि पाम पायलट हे खिशात मावणारं यंत्र बनवताना जेफ हॉकिन्स लाकडाचा त्याच आकाराचा ठोकळा खिशात घेऊन हिंडत होते. मध्येच बाहेर काढायचे आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचे, म्हणजे खऱ्या दिवसात ते यंत्र केव्हा केव्हा लागतं हे कळायचं.

आता कुणी म्हणेल, स्क्रीन काढायला संगणकावर फिगमा आहे, फुकटचं पेनपॉट आहे, तिथंच का काढू नये? काढा, पण दुसऱ्या आठवड्यात. संगणकावर काढलेली स्क्रीन पूर्ण झाल्यासारखी दिसते. मग समोरचा माणूस तिला नावं ठेवायला कचरतो, आणि तुमचाही ती फाडायला हात धजत नाही. हातानं काढलेला कागद बघून तेच काका म्हणाले, "ही ओळ वर घ्या की." हे वाक्य त्यांनी फोनकडे बघून कधीच म्हटलं नसतं.

पायरी ४: कामाच्या चिठ्ठ्या

चाचणीत माणसाला करायला काम द्यायचं. तीन किंवा चार, त्याहून जास्त नको. काम सांगताना बटणावरचा शब्द तोंडातून येता कामा नये. "पट्टी उघडा" म्हणालात तर तो 'पट्टी' हा शब्द शोधून दाबेल; तुमची चाचणी पास होईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याऐवजी असं सांगा: "काल तुम्ही चाळीस गोण्या आणल्या होत्या. गाडीभाड्याचे किती कापले, ते तुम्हाला बघायचंय."

काम चिठ्ठीवर लिहून न्या, पण ती वाचायला देऊ नका, तुम्ही बोलून सांगा. समोरच्याला वाचता येतं की नाही हे चारचौघांत उघड होण्याची वेळ त्याच्यावर आणू नये.

पायरी ५: माणसं किती, कुठली

पाच. हा आकडा जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर या युजेबिलिटीच्या अभ्यासकांच्या १९९३ च्या कामातून रूढ झाला. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. दुसऱ्या माणसाकडून काही त्याच, काही नव्या. असं मोजत गेलं की तीन माणसांत साधारण ६७ टक्के आणि पाच माणसांत ८४-८५ टक्के अडचणी समोर येतात. त्यापुढं तेच तेच दिसू लागतं. म्हणून पंधरा माणसं मिळणार असतील तर एकाच दिवशी पंधरा जणांना बसवू नका. पाच जणांबरोबर चाचणी करा, दुरुस्त करा, पुन्हा पाच.

पण हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. ३१ टक्के ही सरासरी आहे, तुमच्या ॲपला ती लागू होईलच असं नाही. आणि पाच म्हणजे एकसारखं काम करणारे पाच. शेतकरी आणि दुकानातले दिवाणजी दोघंही ॲप वापरणार असतील तर दोघांचे वेगळे गट धरा. सोलापुरात भाषेचाही विचार करा. अक्कलकोटकडून आलेल्या माणसाच्या घरात कन्नड असेल, पूर्व भागातल्या अक्कांच्या घरात तेलुगू. पाचही जण एकाच गल्लीतले, एकाच भाषेचे घेतलेत तर निम्म्या अडचणी लपून राहतील.

होस्टेलमधले मित्र चालणार नाहीत. त्यांना ॲप कसं चालतं हे माहीत असतं, आणि तुमची मेहनतही माहीत असते. स्वतःच्या आईवडिलांनाही पहिल्या फेरीत घेऊ नका. ते तुम्हाला सांभाळून घेतात.

वेळ त्यांच्या सोयीची. लिलाव चालू असताना कुणाला हात लावू नये. लिलाव उरकून पट्टी हातात पडेपर्यंत शेतकरी थांबलेला असतो, तेव्हा वीस मिनिटं मागता येतात. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीनंतरची दहा मिनिटं मालकाकडून मागून घ्या, नाहीतर कामगाराचा खाडा व्हायचा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची जत्रा असते, त्या दिवसांत चाचणी ठेवूच नका. आणि चहा पाजणं म्हणजे मोबदला नव्हे. माणसाचा वेळ घेतला तर रोख काहीतरी द्या, आणि ते आधी सांगा, म्हणजे चांगलं बोललं तरच पैसे मिळतील असं त्याला वाटत नाही.

पायरी ६: चाचणी

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून सविस्तर सांगतो.

तिघं जा. एक बोलणारा, एक कागद बदलणारा, एक लिहिणारा. कागद बदलणारा म्हणजे संगणक: माणसानं बोट ठेवलं की त्याप्रमाणे पुढचा कागद समोर ठेवायचा, तोंड उघडायचं नाही. ज्यावर बोट ठेवलं त्याचा कागदच तुमच्याकडे नसेल तर तो मोठा शोध आहे. लिहिणाऱ्यानं लगेच नोंद करावी.

सुरुवातीला हे सांगा, आणि मनापासून सांगा: "काका, हे आम्ही बनवतोय, अजून कच्चं आहे. यात परीक्षा या कागदांची आहे, तुमची नाही. तुम्हाला जिथं अडेल तिथं आमचं चुकलंय. जे मनात येईल ते बोलत बोलत करा." मनातलं बोलत काम करायला लावण्याची ही पद्धत आयबीएममध्ये क्लेटन लुइस यांनी १९८२ मध्ये इंटरफेसच्या चाचणीसाठी मांडली. आपल्याकडे बऱ्याच जणांना असं एकट्यानं बोलणं अवघड वाटतं, म्हणून आधी सवय करून द्या. स्वतःचा फोन घ्या, "आता मी गजर लावतो. हे घड्याळाचं चित्र दिसतंय, यातच असेल वाटतं..." असं एकदा करून दाखवा. माणूस आपल्या घरच्या भाषेतच मोकळं बोलतो. तेलुगू बोलणाऱ्या अक्कांची चाचणी घेताना तेलुगू समजणारा मित्र सोबत हवा. मराठीत बोलायला लावलं तर त्या शब्द शोधण्यात गुंततील आणि अडचण सांगायची राहून जाईल.

फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा असेल तर आधी विचारा आणि तो कुणाला दाखवणार तेही सांगा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचा गाभाच माणसाची संमती हा आहे. शक्यतो फक्त हात आणि कागद येतील असा कॅमेरा धरा. कागदावरचे बँक खात्याचे, आधारचे आकडे खोटे ठेवा.

मग काम सांगा आणि गप्प बसा.

गप्प बसणं हेच खरं कसब आहे, आणि ते मला जमायला दोन वर्षं लागली. समोरचा माणूस चुकीच्या जागी बोट नेतो, तेव्हा आपल्या घशाशी शब्द येतो, "अहो, तिकडं नाही." आणि एकदा तो शब्द तोंडातून निघाला की ती चाचणी संपली. तो माणूस पुढचं सगळं तुमच्या चेहऱ्याकडे बघून करतो. मी आता हाताची घडी घालून मनात दहापर्यंत मोजतो. बहुतेक वेळा सात-आठच्या सुमारास तो स्वतःहून बोलतो, आणि त्यातच काम होतं.

त्यानं विचारलं, "हे दाबू का?" तर उत्तर देऊ नका, उलट विचारा, "दाबल्यावर काय होईल असं वाटतं?" त्यानं विचारलं, "बरोबर हाय का?" तर म्हणा, "तुम्ही घरी एकटे असता तर काय केलं असतं?" तो म्हणाला "काय की, कळंना", तर थोडं थांबा, अगदीच अडला तर त्या कामाची 'झालं नाही' अशी नोंद करा, त्याला मान देऊन "इथं आमचाच कागद चुकलाय" म्हणा आणि पुढचं काम द्या.

शेजारी मुलगा उभा असेल तर तो वडिलांच्या आधी बोट घालणार. त्याला दूर हाकलू नका. लिहिणाऱ्यानं त्याच्याशी बाजूला गप्पा माराव्यात, त्याला वेगळ्या चाचणीचा मान द्यावा. तसंही पुढं फोन तोच हाताळणार आहे.

शेवटी "कसं वाटलं?" विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: "चांगलं हाय की." सोलापूरचा माणूस घरी आलेल्या पाहुण्याला कडू बोलत नाही. त्या उत्तरावर काही ठरवू नका. हात काय करत होते, नजर कुठं थांबली, कुठं कपाळाला आठी पडली, ते खरं. विचारायचंच असेल तर हे विचारा: "उद्या दुसऱ्या शेतकऱ्याला हे शिकवायचं झालं तर काय सांगाल?" तो सांगायला लागला की त्याच्या डोक्यात ॲपचं चित्र काय तयार झालंय ते तुम्हाला दिसतं.

पायरी ७: त्याच संध्याकाळी

नोंदी त्याच दिवशी एकत्र वाचा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं. वहीत तीन रकाने पुरतात: कुठं अडलं, तोंडून काय आलं, किती जणांचं अडलं. मधल्या रकान्यात त्यांचे शब्द जसेच्या तसे हवेत. 'युजर गोंधळला' ही नोंद निरुपयोगी आहे. 'हे लाल कशाला हाय, पैसे बुडाले का?' या नोंदीवर दुरुस्ती लगेच सुचते.

मग ढीग करा. काम अडकवणाऱ्या गोष्टी आधी, वेळ खाणाऱ्या नंतर, नुसत्या खटकणाऱ्या शेवटी. पैशाची चूक घडवू शकणारी गोष्ट एकाच माणसाला दिसली असली तरी पहिल्या ढिगात. दुरुस्ती छोट्यात छोटी करा. शब्द बदलून भागत असेल तर स्क्रीन बदलू नका, आणि सूचना देणारा मजकूर वाढवून प्रश्न सुटेल असं समजू नका. तो कुणी वाचत नाही. रात्री नवे कागद कापा, दोन दिवसांनी परत जा.

पायरी ८: कागदावरून फोनवर

दोन फेऱ्यांनंतर कागद शांत होतात, म्हणजे नव्या अडचणी निघेनाशा होतात. मग फोन. इथं देवनागरीचे स्वतःचे प्रश्न येतात, आणि परदेशी धड्यांत ते सापडत नाहीत.

ओळींमधलं अंतर कमी ठेवलं तर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सेटिंग इंग्रजी मथळ्यांना शोभते, मराठीत ती शिरोरेषा तोडते, तिला शून्यावरच ठेवा. इंग्रजीसाठी वाचनीय असलेल्या आकारात 'ष्ट', 'द्ध', 'क्ष' यांचा चिखल होतो, म्हणून अक्षर एक-दोन मापं मोठं घ्या. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्ता हे मोफत फाँट सुरुवातीला उत्तम. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सर्वांत मोठं करून तुमची प्रत्येक स्क्रीन उघडून बघा. चाळिशी लागलेल्या बऱ्याच लोकांचे फोन तसेच असतात, आणि तिथं तुमची बटणं एकमेकांवर चढलेली दिसतील.

आकडे देवनागरी की इंग्रजी? यावर आमच्यात बरेच वाद झाले, शेवटी चाचणीनं ठरवलं. आमच्या शेतकऱ्यांना पट्टीवर दोन्ही चालले, पण टाइप करताना सगळ्यांना फोन लावतानाचेच आकडे हवे होते. तुमच्याकडे वेगळं निघू शकतं. रक्कम मात्र लाखाच्या पद्धतीनं तोडा, १,००,००० अशी. आणि शोधायची सोय असेल तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यालाही गाव सापडायला हवं, कारण बरेच लोक तसंच लिहितात.

बटणाचा आकार अँड्रॉइडच्या मार्गदर्शनाप्रमाणे किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर. मातीनं, सुतानं राठ झालेल्या बोटांसाठी त्याहून मोठं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, वेबच्या सुलभतेच्या निकषांनुसार किमान ४.५ ला १. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन डोक्यात ठेवून मी ७ च्या खाली जात नाही. दुपारी बारा वाजता गच्चीवर जाऊन स्क्रीन वाचून बघा. नेट बंद करून बघा. मध्येच फोन आला तर भरलेला फॉर्म तसाच राहतो का तेही बघा.

मोजमाप हवंच असेल तर

कॉलेजात मार्गदर्शक आकडे मागतात. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली सिस्टिम युजेबिलिटी स्केल ही दहा वाक्यांची प्रश्नावली वापरता येते. प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या वाक्यांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाचे गुण ५ मधून वजा करायचे, बेरीज करून २.५ ने गुणायचं, की १०० पैकी आकडा येतो. सरासरी ६८ च्या आसपास धरतात. हा आकडा टक्केवारी नाही, हे रिपोर्टात स्पष्ट लिहा. आणि पाच माणसांच्या आकड्यावर फुशारकी नको. सम क्रमांकाची वाक्यं नकारार्थी आहेत, मराठीत वाचून दाखवताना लोक तिथं उलटं उत्तर देतात, म्हणून सावकाश वाचा. माझा कल मात्र साध्या मोजणीकडे आहे: पाचपैकी किती जणांनी मदतीशिवाय काम पुरं केलं.

मालकाला पटवताना

काम देणारा मालक म्हणेल, "एवढा वेळ कागदावर कशाला घालवता, ॲप दाखवा." त्याच्याशी वाद घालून उपयोग होत नाही. संमती घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवा, त्याच्याच गिऱ्हाइकाचा. आमच्या आडत दुकानाच्या मालकांना आम्ही तो मोहोळच्या काकांचा तुकडा दाखवला. "यात पट्टी कुठं हाय?" हे वाक्य आल्यावर त्यांनी व्हिडिओ थांबवायला सांगितला. गल्ल्याखालचा खण ओढला, कोऱ्या पट्ट्यांचं पुस्तक काढलं आणि आमच्यापुढं सरकवत म्हणाले, "हे असं दिसू द्या की मग." पुढच्या फेरीचे कागद आम्ही त्या पुस्तकातल्या पट्ट्या कापूनच केले.